बाजार उठतो, नाव उरते



जालन्याच्या मोंढ्यात माल घालून झाला की आपल्यापैकी पुष्कळ जण सदर बाजाराकडे वळतात. कोणी लुगडे घेतो, कोणी भांडे, कोणी पोरांच्या वह्या. पण या बाजाराला 'सदर' का म्हणतात, हे विचारायला कोणाला सवड नसते. गोष्ट अशी आहे की १८२७ साली जालन्याच्या पूर्वेला हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची छावणी वसली. छावणीच्या मुख्य पेठेला सदर बाजार म्हणायचा त्या काळी सगळीकडेच रिवाज होता. फौजेला धान्य, वैरण, तूप, कापड लागे. ते पुरवणारे लोक तिथे दुकाने थाटून बसत. १९०३ साली छावणी मोडली, पलटणी गेल्या. बाजाराचे नाव मात्र राहिले.

तसेच 'जुना मोंढा' हे नाव घ्या. एखाद्या जागेला 'जुना' हा शब्द लागला की ओळखावे, इथला बाजार उठून दुसरीकडे गेला आहे. शहरांतल्या कितीतरी चौकांची हीच कहाणी आहे. एके काळी तिथे गाड्या सुटत, बैल बांधले जात, पाट्या मांडल्या जात. आज तिथे पुतळा, बगीचा नाही तर मोटारींची गर्दी दिसते. बाजार का उठला, कोणी उठवला, आणि उठल्यावर माल आणणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आज अशाच एका जागेची हकिकत सांगायची आहे. ही जागा पुण्याची आहे, पण तिच्यातला धडा आपल्या मोंढ्यापर्यंत येऊन पोचतो.

वाड्यापुढचे पटांगण

आपल्या गावांतली पुष्कळ मुले आता शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला असतात. आई-वडील भेटायला गेले की ती त्यांना शनिवारवाडा दाखवतात. वाड्याचा उत्तरेकडचा भला थोरला दिल्ली दरवाजा, त्याचे अणकुचीदार खिळे, आणि समोर मोकळे पटांगण. पटांगणात पहिल्या बाजीरावाचा घोड्यावरचा पुतळा आहे. लोक पुतळा पाहतात, दरवाजा पाहतात आणि आत जातात. ज्या पटांगणातून ते चालत आले, ते एके काळी पुण्याच्या भाजीबाजाराचे ठिकाण होते, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

वाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. पुढे पंचाऐंशी वर्षे मराठी राज्याचा कारभार इथून चालला. दिल्लीपर्यंतच्या मोहिमांचे हिशेब इथे लिहिले गेले, आणि जालन्या-पैठणाकडच्या मुलखाविषयी निजामाशी कसे वागायचे याची मसलतही इथेच होत असे. १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८२८ साली वाड्याला मोठी आग लागली. ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात. आतले लाकडी महाल जळाले आणि उरला तो बाहेरचा कोट.

राजा गेला की त्याच्या दारापुढची जागा रिकामी पडते. रिकामी जागा, आणि तीही वस्तीच्या ऐन मधोमध, म्हटल्यावर तिथे बाजार बसायला वेळ लागत नाही. शेजारी कसबा पेठ, म्हणजे पुण्यातली सर्वांत जुनी वस्ती. जवळच नदी. आसपासच्या खेड्यांतून भाजीपाला घेऊन येणाऱ्याला ही जागा सोयीची होती. अशा रीतीने पेशव्यांच्या वाड्यापुढे पुण्याची मंडई भरू लागली. जिथे सरदारांच्या पालख्या थांबत, तिथे माळणी आपल्या पाट्या मांडून बसू लागल्या.

यात कोणाला दुःख वाटेल, कोणाला गंमत वाटेल. पण शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर ती जागा तेव्हा खऱ्या अर्थाने कामाला आली. राज्ये येतात आणि जातात, पण गावाला रोज संध्याकाळी भाजी लागतेच.

छप्पर आले

उघड्यावरच्या बाजाराची सुखदुःखे आपल्याला सांगायला नकोत. आठवडी बाजारात बसणाऱ्या आपल्या बायाबापड्या ती रोज सोसतात. पाऊस आला की मेथीची जुडी कुजते. ऊन चढले की पालक माना टाकतो. चिखल होतो, घाण साचते, गुरे तोंड घालतात. पण उघड्या बाजाराचे एक सुख असते: ज्याच्याकडे टोपलीभर माल आहे त्यालाही तिथे बसता येते. त्याला गाळा लागत नाही की अनामत रक्कम लागत नाही.

पुण्याच्या नगरपालिकेला वाड्यापुढची ती गर्दी आणि घाण खुपू लागली. शहरासाठी पक्की, छपराची, स्वच्छ मंडई बांधायचे ठरले. शुक्रवार पेठेत जागा घेतली गेली, आणि काही लाख रुपये खर्चून दगडी इमारत उभी राहिली. मधे आठ कोनांचा उंच मनोरा आणि चहूकडे पसरलेल्या पाख्या असे तिचे रूप आहे. ५ ऑक्टोबर १८८६ ला तिचे उद्घाटन झाले, आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट असे नाव पडले. वाड्यापुढचा बाजार उठला आणि तिकडे गेला.

याच्या आधीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम घालण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. जोतीरावांना भाजीबाजार नको होता असा याचा अर्थ नव्हे. ते स्वतः माळ्याच्या घरचे. पुण्याजवळ मांजरीला त्यांची बागायत होती. माल पिकवणे काय आणि विकणे काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला, तो याच अनुभवातून. त्यांचा सवाल सरळ होता. शहराला शोभा येईल, पण ज्याच्या घामाचा पैसा त्यात जाणार त्याला काय मिळणार?

सभागृहात त्यांचे म्हणणे टिकले नाही आणि इमारत झाली. पुढे १९३८-३९ च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे ठेवण्यात आले. ज्याने खर्चाला विरोध केला त्याचेच नाव त्या इमारतीला लागले! पण विचार केला तर हे योग्यच झाले. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या नावाने निदान जोतीरावांचा सवाल तरी आठवावा.

त्याच साली वऱ्हाडात

आता एक योगायोग पाहा. ज्या १८८६ साली पुण्यात मंडईवर छप्पर चढले, त्याच साली आपल्या शेजारच्या वऱ्हाडात, वाशिमकडच्या कारंजा लाड या गावी, कापसाच्या बाजाराला सरकारी नियम लागले. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे, पण कारभार इंग्रजांच्या हाती होता. हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंजाचा बाजार नियमाखाली आला. हिंदुस्थानातला हा पहिला नियंत्रित बाजार समजतात. पुढे १८९७ साली सबंध वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला.

पुण्यात बाजाराला इमारत मिळाली, कारंजाला बाजाराला नियम मिळाला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण शेतकऱ्याच्या पदरी जास्त काय पडते, असे कोणी विचारले तर मी नियमाकडे बोट दाखवीन. छप्पर मालाचे ऊन-पावसापासून रक्षण करते. मालाचे माप आणि भाव यांचे रक्षण छपराला करता येत नाही.

हे कशावरून? जुन्या बाजारात सौदा कसा होई ते वडीलधाऱ्यांना विचारा. आडत्या आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकून बोटे दाबत. कितीला भाव ठरला हे त्या दोघांना कळे. ज्याचा माल, तो शेजारी उभा असून आंधळा. मग मापाडी येई. कडत्यापोटी काही शेर जात, नमुन्यापोटी पसाभर जाई. त्यावर आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि वटाव. देवळाला, गोशाळेला, धर्मशाळेला देण्याचे पुण्य शेतकऱ्याच्या पोत्यातून निघे, आणि नाव दुसऱ्याचे होई. गाडी भरून आणलेल्या मालाचे घरी किती पैसे न्यायचे, हे संध्याकाळी पट्टी हाती पडेपर्यंत त्याला ठाऊक नसे. पट्टी हाती पडली तरी वाचता येत नसे. जोतीराव शिक्षणावर पैसा घाला म्हणत होते, त्याचे मर्म इथे लक्षात येते.

आपल्या मुलखात काय झाले

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मोंढा हा शब्द आपण वापरतो, तो पुण्या-साताऱ्याकडे कोणी वापरत नाही. ती आपल्या मुलखाची खूण आहे. जालन्याचा व्यापार कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर वाढला. एका बाजूला कदीम जालना, म्हणजे जुने जालना. समोरच्या काठाला कादराबादची पेठ. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण आपण आजही ऐकतो. पाळणा सोन्याचा होता तो इथल्या कसदार मातीमुळे आणि इथे येणाऱ्या मालामुळे. पुढे छावणीमुळे सदर बाजार आला, आणि १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली. कापूस आणि सरकी बैलगाडीवरून उतरून थेट वाघिणीत चढू लागली.

निजामाच्या राज्यात १९३० साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला. म्हणजे कारंजानंतर चव्वेचाळीस वर्षांनी! मधली एक पिढी रुमालाखालच्या बोटांवर विसंबून राहिली. शिवाय आपल्याकडचे वजन वेगळे, नाणे वेगळे. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार रुपया यांचा भाव सारखा नसे. जालन्याहून देऊळगाव राजा किती लांब? पण ते वऱ्हाडात, म्हणजे नाणे बदलले, कायदा बदलला आणि वाटेत करोडगिरीचे नाके आडवे आले. शेतकऱ्याला एवढ्या हिशेबात गोंधळात पाडणे अवघड नव्हते.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. पुढे मेट्रिक वजने आली आणि शेर-मणाची जागा किलो-क्विंटलने घेतली. १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा झाला आणि १९६७ पासून तो अमलात आला. या कायद्याने समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी आणि हमाल-मापाड्यांचे प्रतिनिधी एकत्र बसू लागले. सौदा उघड बोलीने व्हायचा, वजन डोळ्यांसमोर व्हायचे, आणि हिशेबपट्टी द्यायची, असा दंडक आला. कागदावर हे सगळे छान दिसते. अमलात किती येते, हे प्रत्येक गावच्या यार्डावर अवलंबून आहे.

बाजार आणखी सरकला

पुण्याची हकिकत पुरी करू. फुले मंडई अजून आहे. तिच्याजवळ लोकमान्य टिळकांचा पुतळा १९२४ साली बसला. त्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंनी केले. पण घाऊक व्यापार वाढला तशी ती जागाही अपुरी पडली, आणि घाऊक माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडईत किरकोळ विक्री राहिली. म्हणजे जो बाजार वाड्यापुढून उठला, तो दुसऱ्यांदा उठला. २०२४ च्या सप्टेंबरात मंडईखालून मेट्रो धावू लागली आणि 'मंडई' हे आता स्टेशनाचेही नाव आहे. उद्या कदाचित भाजी तिथे मिळणार नाही, पण गाडीत बसलेल्याला 'मंडई आली' असे ऐकू येत राहील. आपल्या सदर बाजारासारखेच!

वाड्यापुढच्या पटांगणाने नंतर दुसरे बाजार पाहिले: विचारांचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तिथे मोठमोठ्या सभा झाल्या. भाजीचे पटांगण भाषणांचे पटांगण झाले. पण तिथे पाट्या घेऊन बसणाऱ्या माळणींची आठवण ठेवणारा साधा दगडही तिथे दिसत नाही. शहर आपल्या राजांचे पुतळे उभारते. ज्यांनी त्याला वर्षानुवर्षे जेवू घातले त्यांना विसरते.

उलट प्रवास

आतापर्यंत आपण बाजार दूर सरकल्याच्या गोष्टी पाहिल्या. आता एक उलट गोष्ट सांगतो आणि ती आपल्या घरची आहे. आपल्याकडे रेशीमशेती वाढली तेव्हा कोष विकायचे कुठे, हा मोठा प्रश्न होता. बंगळुरूजवळच्या रामनगरला कोषांची मोठी बाजारपेठ. आपला शेतकरी पोती भरून शेकडो कोस तिकडे जाई. कोष हा भाजीसारखाच नाजूक माल. फार दिवस ठेवता येत नाही. आतला पतंग कोष फोडून बाहेर आला की धागा तुटला. परमुलखात, भाषा येत नाही अशा ठिकाणी, माल घेऊन उभ्या असलेल्या माणसाने 'या भावात देत नाही, परत नेतो' असे कसे म्हणावे?

२०१८ साली जालना बाजार समितीच्या आवारात रेशीम कोषांची खरेदी-विक्री सुरू झाली. राज्यातली ही पहिली कोष बाजारपेठ. इमारत काही पुण्याच्या मंडईसारखी दगडी मनोऱ्याची नव्हती. पण माल आपल्या गावाजवळ, बोली आपल्या भाषेत आणि भाव आपल्या कानांदेखत. भाव नाही पटला तर माणूस संध्याकाळी आपल्या घरी जाऊन जेवू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने बाजाराचे खरे बळ या शेवटच्या गोष्टीत आहे. नाही म्हणता आले पाहिजे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या मालाचा भाव दुसराच कोणी ठरवतो.

आपण काय पाहावे

तेव्हा यापुढे कुठे बाजार हलवायची चर्चा निघाली, मग तो तालुक्याचा आठवडी बाजार असो की मोंढा, तर नुसती नवी इमारत किती सुंदर आहे ते पाहू नका. चार प्रश्न विचारा.

पहिला, नव्या जागी टोपलीभर माल आणणाऱ्या बाईला बसायला जागा आहे का? की जागा फक्त गाळेवाल्यांना? आठवडी बाजारात विकणाऱ्यांत बायांची संख्या मोठी असते. त्यांच्यासाठी सावली, पाणी आणि संडास नसेल तर ती सुधारणा अर्धीच.

दुसरा, बोली उघड होते का? भाव मोठ्याने ऐकू आला पाहिजे आणि फळ्यावर लिहिलेला दिसला पाहिजे.

तिसरा, काटा कोणाच्या नजरेसमोर आहे? आकडे दाखवणारा विजेचा काटा आला म्हणून निर्धास्त होऊ नका. माल चढवण्यापूर्वी काट्यावर शून्य आहे ना, एवढे स्वतः पाहा. बारदान्याचे वजन किती धरले तेही विचारा.

चौथा, हिशेबपट्टी मिळते का? पट्टीवर माल, वजन, भाव, प्रत्येक कपात आणि पैसे देण्याची तारीख लिहिलेली असली पाहिजे. एखादी कपात कळली नाही तर तिथल्या तिथे विचारा. भिडेपोटी गप्प राहिलेला रुपया परत येत नाही.

आणि घरोघरच्या भगिनींना एक सांगणे. माल विकून आलेल्या धन्याने ती पट्टी खिशात चुरगाळून ठेवली असेल तर ती काढून घ्या, सरळ करा, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला द्या. वजन गुणिले भाव, वजा कपात, हे गणित तिच्याकडून करून घ्या. वर्षभराच्या पट्ट्या एका सुतळीत ओवून ठेवा. दोन हंगाम असे केले की कोणत्या आडत्याकडे काय कापले जाते, कोणत्या महिन्यात भाव चढतो, हे घरात बसून कळू लागेल. जोतीरावांना मनोऱ्याऐवजी हेच हवे होते: शेतकऱ्याच्या घरात हिशेब वाचणारे कोणीतरी.